शेत विकायचं नाही, मग विकायचं काय?

पत्र:

ताई, नमस्कार. आम्ही न्यू जर्सीतल्या हंटरडन काउंटीत राहतो. २००१ साली घेतलेली ४६ एकर जमीन आहे. शेजारचा एक शेतकरी ती कसतो, गवत आणि सोयाबीन काढतो. घरामागच्या अर्ध्या एकरात आमच्या सौ. भेंडी, गवार, मेथी लावतात. गेल्या महिन्यात टाउनशिपची, म्हणजे इथल्या गावच्या स्थानिक सरकारची, दोन माणसं घरी आली. म्हणाली, 'तुमच्या जमिनीचे डेव्हलपमेंट राइट्स आम्हाला विका. जमीन तुमचीच राहील.' तेव्हापासून झोप उडाली आहे. माझ्या वडिलांचं गाव कोयनेच्या पाण्याखाली गेलं. सरकारी माणूस जमिनीबद्दल बोलायला लागला की आमच्या घरात काय होतं, ते काय सांगू? सौ. म्हणतात, पैसे घ्या, मॉर्गेज फेडा. सिअ‍ॅटलचा मुलगा म्हणतो, 'बाबा, तुम्ही माझी इस्टेट अर्ध्यावर आणताय.' शिवाय एक बिल्डर वर्षातून दोनदा पत्र पाठवतोच. काय करू?
— एक वाचक

उत्तर:

दादा, कोयना विसरा असं मी म्हणणार नाही. पण टाउनशिपचा हा कागद त्या जातीचा नाही. भूसंपादनात सरकार ठरवतं, नोटीस येते आणि तुमचं भांडण उरतं ते फक्त मोबदल्याचं. इथे मुळात तुमचा होकार लागतो. करारावर सही होईपर्यंत तुम्ही मागे फिरू शकता. 'नाही' म्हणालात तर ती माणसं वहीतल्या तुमच्या नावावर काट मारतील आणि पुढच्या शेताच्या दारात जातील. मी स्वतः आमच्या गावच्या ओपन स्पेस कमिटीवर, म्हणजे मोकळ्या जमिनी राखणाऱ्या समितीवर, सहा वर्षं होते. पायरीवर उभ्या उभ्याच 'नो, थँक यू' ऐकून परत आलेल्या दुपारी मी मोजल्या नाहीत.

विकायचं काय, हा तुमचा खरा प्रश्न. टाउनशिप जो हक्क मागते आहे त्याला ईझमेंट म्हणतात. शब्द ऐकून घाबरू नका. आपल्याकडे १८८२ पासून त्याचा कायदा आहे, पुस्तकी मराठीत त्याला सुविधाधिकार म्हणतात आणि गावात वहिवाट. शेत माझं, पण बांधावरून विहिरीकडे जायची वाट शेजाऱ्याची. मालकी एकाची आणि हक्क दुसऱ्याचा, हे ज्यांच्या घरात कुळकायद्यावर तावातावाने बोलणं झालंय त्यांना समजवावं लागत नाही. इथे फरक एवढाच, की टाउनशिपला तुमच्या शेतातून जायची वाट नको आहे. तिला हवा आहे तो 'नाही' म्हणायचा हक्क: इथे प्लॉट पाडायचे नाहीत, गोदाम उभारायचं नाही, बंगल्यांची कॉलनी वसवायची नाही. बाकी सगळं तुमचं. कसा, खंडाने द्या, विका, मुलाच्या नावावर करा. मात्र सातबाऱ्यावर 'इतर अधिकार' या रकान्यात बोजा चढतो आणि जमीन कुणाच्याही नावावर गेली तरी तो तिथेच राहतो, तसा हा हक्क काउंटीच्या दप्तरात जमिनीला कायमचा चिकटतो.

कल्पना नवी नाही. न्यू यॉर्कच्या लाँग आयलंडवर, सफक काउंटीने १९७४ मध्ये शेतजमिनीचे असे हक्क विकत घ्यायची योजना सुरू केली, कारण बटाट्याची शेतं झपाट्याने कॉलन्या होत चालली होती. तुमच्या राज्यात मोकळ्या जमिनींसाठी ग्रीन एकर्स ही योजना १९६१ पासून आहे आणि शेतीचे हक्क घेण्याचा कार्यक्रम १९८०च्या दशकापासून. पैसा आकाशातून येत नाही. काही राज्य देतं, काही काउंटी देते, काही टाउनशिप. न्यू जर्सीच्या एकवीसही काउंट्यांत मतदारांनी स्वतःवर ओपन स्पेस कर लावून घेतला आहे, अनेक टाउनशिपांनीही. तुमच्या प्रॉपर्टी टॅक्सच्या बिलावर ती ओळ आहे, कधी बघितली नसेल तर बघा. समजा दर शंभर डॉलरमागे २ सेंट असेल, तर पाच लाखांच्या घराला वर्षाला शंभर डॉलर. म्हणजे हे पैसे तुम्हीच इतकी वर्षं भरत आलात. ते घेताना खैरात घेतल्यासारखं वाटायचं कारण नाही.

पुण्याच्या समाविष्ट गावांतल्या टेकड्यांवर बीडीपीचं (जैवविविधता उद्यानाचं) आरक्षण टाकलं, तेव्हा मालकांना बांधता येईना आणि मोबदल्याचं घोंगडं मात्र वर्षानुवर्षं भिजत पडलं. हिरवी जमीन वाचवायची ती तशीही वाचवता येते. इथे निदान आधी किंमत ठरते, मग सही.

आता किंमत. दोन स्वतंत्र अप्रेझर, म्हणजे जमिनीची किंमत काढणारे, येतात; त्यांची फी तुम्हाला द्यावी लागत नाही. ते दोन आकडे काढतात: बांधकामाची मुभा असताना जमिनीचा बाजारभाव आणि ती मुभा काढून घेतल्यावरचा भाव. दोन्हींतला फरक ही तुमच्या हक्काची किंमत, आणि ती राज्याच्या कृषी विकास समितीकडून प्रमाणित व्हावी लागते. नुसतं उदाहरण म्हणून घ्या, तुमच्याकडचा भाव वेगळा असेल: एकरी २०,००० डॉलर खुला भाव, ८,००० बंधनासकट, म्हणजे हक्क १२,००० चा. ४३ एकरांचे ५,१६,००० डॉलर. (४६ का नाही, ते पुढे येतंय.)

मुलाचा हिशोब इथे अर्धा बरोबर आहे. जमिनीची विक्रीची किंमत खरोखरच पडते. पण पडलेला भाग चेक होऊन तुमच्या बँकेत येतो, तो हवेत जात नाही. त्याने 'इस्टेट अर्धी झाली' न म्हणता 'अर्धी इस्टेट आज रोख झाली' म्हटलं असतं, तर मी त्याच्या बाजूने बोलले असते. त्याची खरी तक्रार वेगळी असू शकते, तिकडे शेवटी येते.

वहिनींच्या गणितातही एक पाचर आहे. मॉर्गेज असेल तर बँकेला आपलं कर्ज या हक्काच्या मागे सरकवायला लेखी राजी व्हावं लागतं, नाहीतर जमीन कर्जातून सोडवावी लागते. म्हणून टाउनशिपशी बोलायच्या आधीच बँकेला फोन करा. क्लोजिंगच्या, म्हणजे शेवटच्या सह्यांच्या, आदल्या आठवड्यात बँक अडून बसली की दोन वर्षांची धावपळ लोंबकळते. हो, दोन वर्षंच धरा. अर्ज, अप्रेझल, मोजणी, टायटल, तीन कार्यालयांच्या मंजुऱ्या. कुणी 'सहा महिन्यांत उरकू' म्हणालं तर मान डोलवा आणि मनात दोन वर्षं लिहा.

कराबद्दल एक गैरसमज आमच्या कमिटीतली मंडळीसुद्धा नकळत पसरवायची. 'हक्क विकलात की प्रॉपर्टी टॅक्स कमी होईल.' तुमच्या बाबतीत जवळपास काहीच होणार नाही. १९६४ च्या कायद्याने शेतीखालच्या पाच एकर किंवा त्याहून मोठ्या जमिनीवर तिच्या पिकाच्या कुवतीनेच कर लागतो, आणि तुमच्या शेजाऱ्याच्या गवत-सोयाबीनमुळे तो फायदा तुम्ही आजही घेत असणार. घर आणि त्याच्या आजूबाजूची जागा पहिल्यासारखीच पूर्ण दराने भरावी लागेल. आलेल्या रकमेवर मात्र फेडरल कराचा विचार करावा लागतो. ती रक्कम आधी जमिनीच्या मूळ खरेदी किमतीतून वजा होते, वरचा भाग नफा. ठरल्या किमतीपेक्षा मुद्दाम कमी घेतलंत तर तो फरक दान धरता येतो. वजावट वर्षाच्या उत्पन्नाच्या ५० टक्क्यांपर्यंत आणि उरलेली पुढची १५ वर्षं. हे सीपीएने (आपल्याकडच्या सीएसारखा) कागदावर मांडून दाखवायचं काम आहे, माझ्या सदरावर विसंबू नका. आणि मंडळाच्या गणेशोत्सवात कुणी 'एक डॉलर घाला, चार डॉलरची वजावट घ्या' अशी ईझमेंटची गुंतवणूक सांगायला आलं, तर प्रसाद घेऊन पुढे व्हा. फुगवलेल्या अप्रेझलचा तो धंदा इतका माजला की डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकन काँग्रेसला अशा वजावटीवर गुंतवणुकीच्या अडीचपटीची मर्यादा घालावी लागली.

आता ज्यासाठी हे पत्र मी निवडलं ते. लोक भावावर घासाघीस करतात. अप्रेझरने काढलेल्या आकड्यात तुमच्या घासाघिशीने फारसा फरक पडत नाही. घासाघीस करायची ती डीडच्या, म्हणजे हक्क लिहून देण्याच्या दस्ताच्या, मसुद्यावर, आणि तीही आत्ता, अर्जाच्या वेळी. नंतर एक वाक्य बदलायचं म्हटलं तरी दारं बंद असतात.

माझ्या ओळखीतल्या एका गुजराती जोडप्याने साठेक एकरांचा हक्क विकला. पूर्ण जमिनीचा, कारण तेवढेच पैसे जास्त आले. पाच वर्षांनी मुलगी नवऱ्यासह परत आली, तिला आईवडिलांच्या शेजारी घर बांधायचं होतं. साठ एकर समोर पसरलेले आणि एक घर बांधायला जागा नाही. डीडमध्ये शंभर एकरांमागे एका घराची सोय असते आणि तीही शेतीच्या कामासाठी राबणाऱ्या माणसाच्या घराची. साठ एकरांना शून्य. तुमच्या ४६ एकरांनाही शून्यच. आता ती मुलगी बारा मैलांवर टाउनहाऊसमध्ये राहते आणि शनिवारी आईची टोमॅटोची रोपं बघायला येते.

हे टाळायला 'एक्सेप्शन एरिया' असतो, म्हणजे बंधनातून आधीच वगळलेला तुकडा. त्याचे पैसे मिळत नाहीत. म्हणून मी वर ४३ एकर धरले, तीन एकर वगळून. हा तुकडा दोन तऱ्हेचा असतो. एक जमिनीला कायम जोडलेला, वेगळा विकता येत नाही. तुमचं सध्याचं घर, गॅरेज, मेथीचे वाफे यांच्यासाठी तो ठीक. दुसरा सोडवता येणारा, ज्याचा पुढे स्वतंत्र प्लॉट करता येतो, मुलाच्या नावावर, मुलाच्या कर्जावर. झोनिंगचे, म्हणजे कुठे काय बांधता येतं याचे, नियम त्यालाही लागतातच, म्हणून तुकडा कुठे आणि केवढा काढायचा ते झोनिंग बघूनच ठरवा. रस्त्यापासून आत, शेताच्या ऐन मधे तुकडा मागितलात तर टाउनशिप कुरकुरेल आणि तिचं बरोबर असेल. कडेला, रस्त्याला लागून मागा.

मसुद्यात आणखी काय बघायचं? सौर पॅनेल. तुमच्या राज्यात हक्क विकलेल्या शेतावर ती लावता येतात, पण गेल्या वर्षीच्या स्वतःच्या वीजवापराच्या ११० टक्क्यांपर्यंत किंवा जमिनीच्या एक टक्क्यापर्यंत. सौरशेती करून वीज विकायची स्वप्नं असतील तर ती इथे संपतात. फेडरल पैसा मिसळला असेल तर छपरं, काँक्रीट, डांबर यांच्यावर वेगळी मर्यादा येते. सहीनंतर एक वर्षाच्या आत मृद्संधारणाचा आराखडा करून घ्यावा लागतो. दरवर्षी कुणीतरी फाईल घेऊन पाहणीला येतं, चहा द्या.

आणि माती. यावर तुमच्याच काउंटीतला खटला आहे. एकाने १९९७ मध्ये शेत घेतलं, ज्याचा हक्क आधीच्या मालकाने काउंटीला केव्हाच विकला होता. नव्या मालकाने फुलांच्या हरितगृहांसाठी वीसेक एकर उतार खणून सपाट केला. त्याचं म्हणणं असं की हरितगृह ही शेतीच आहे, मी काय चुकलो? २०१८ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की शेती करायचा हक्क असला तरी उत्तम माती कायमची नासवायचा हक्क नाही. त्याचबरोबर सरकारलाही सुनावलं, की किती माती हलवायची हे शेतकऱ्याला आधी नेमकं सांगत जा. मला हा निकाल आवडतो. काळ्या मातीवर मुरमाचा ढीग ओतलेला बघून ज्याच्या पोटात तुटतं, त्याला कारण विचारू नये. पण तुमच्या दृष्टीने यातला मुद्दा वेगळा: खड्डा खणणाऱ्याने स्वतः कसलीच सही केली नव्हती. सही आधीच्या मालकाची होती. तुमच्या सहीने तुम्ही कधी न भेटलेल्या माणसाला बांधणार आहात.

'कायमचं' म्हणजे किती कायमचं, हेही ऐकून ठेवा. टाउनशिपची माणसं तो शब्द फार सढळ वापरतात. पेनईस्ट नावाच्या कंपनीला पेनसिल्व्हेनियातून तुमच्या राज्यात ११६ मैलांची गॅसची पाइपलाइन टाकायची होती. वाटेतल्या ४२ तुकड्यांत न्यू जर्सी सरकारचे हक्क होते, त्यांतले ४० असेच, जमीन दुसऱ्याची आणि हक्क राज्याचा. प्रकरण वॉशिंग्टनला गेलं आणि जून २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी सांगितलं की फेडरल परवाना असलेली कंपनी राज्याच्या हातातली जमीनसुद्धा सक्तीने घेऊ शकते. मग त्याच सप्टेंबरात कंपनीनेच प्रकल्प गुंडाळला, कारण बाकीचे परवाने मिळेनात. राज्यातल्या यंत्रणांपासून मात्र हक्क विकलेल्या शेताला चांगलं कवच आहे. सार्वजनिक हितासाठी गरज आहे आणि दुसरा मार्ग दिसत नाही असं गव्हर्नरने जाहीर केल्याशिवाय ते सक्तीने घेता येत नाही. कोयनेच्या मुलाला हे कवच कमी वाटणार नाही.

थोडं कडू बोलते. शेतं वाचवणाऱ्या प्रत्येक गावाचा हेतू शेतीच असतो असं नाही. १९७५ पासून न्यू जर्सीची न्यायालयं सांगत आली आहेत की प्रत्येक गावाने परवडणाऱ्या घरांना आपल्या वाट्याची जागा दिली पाहिजे. काही गावं मग मोकळ्या जमिनींचे हक्क भराभर विकत घेतात. 'शाळांवर भार नको' म्हणतात तेव्हा काही जणांच्या मनात शाळा असते, काहींच्या मनात अपार्टमेंटमध्ये येऊ शकणारी माणसं. आमच्या कमिटीत एकदा असं बोलणं माझ्यासमोरच झालं, आणि बोलणाऱ्याला माझा चेहरा बघून एकदम हवामान आठवलं. तुमची जमीन गावाबाहेरची, विहीर आणि सेप्टिकवर चालणारी असेल तर तिथे घरं दाटीने येणारच नव्हती, मग मला काही वाटत नाही. ती गटार-पाण्याच्या लाइनला, बस रस्त्याला लागून असेल, तर मात्र मी तुमच्या जागी दोनदा विचार केला असता.

बिल्डरचं पत्र मी फाडायला सांगणार नाही. फाईलला लावा. त्यातला आकडा मात्र 'सगळे परवाने मिळाले तर'च्या पोटातला असतो. पर्क टेस्ट (सेप्टिकसाठी जमीन पाणी शोषते का ती चाचणी), ओढे, पाणथळ जागा, झोनिंग यांतून गाळून खाली काय उरतं ते अप्रेझरचा पहिला आकडा तुम्हाला फुकटात सांगेल. बिल्डरचा आकडा त्याच्या फार वर असेल तर त्याला लेखी, बिनशर्त द्यायला सांगा. बहुतेक वेळा तिथेच पत्रव्यवहार थांबतो.

मग विकू का? माझं मत, विका. तुम्ही साठी ओलांडलेली असणार, जमीन कसणारा शेजारी आहे, कर्ज आहे, प्लॉट पाडायची हौस तुमच्या पत्रात कुठेच दिसत नाही. पण मुलगा वेगळं म्हणत नाही तोवर तीन एकर वगळूनच विका. मन तरीही धजत नसेल तर राज्याचा आठ वर्षांचा करार असतो. त्यात हक्काचे पैसे मिळत नाहीत, मृद्संधारणाच्या कामांना मदत मिळू शकते आणि जमीन बंधनाखाली कशी वाटते ते राहून बघता येतं. वहिनींचं मॉर्गेज त्याने फिटणार नाही, हे त्यांना आधी सांगा.

आता मुलगा. तुम्ही त्याला बातमी फोनवर दिली असणार, ठरल्यासारखी. वडिलांच्या घराची निर्वाणीची गोष्ट आपल्याला शेवटी कळते, याचा राग आपल्या पिढीने गिळला; ही मुलं इस्टेटीच्या भाषेत बोलून दाखवतात. त्याला ती जमीन हवी आहे, की तिची किंमत, की नुसतं विचारलं जाणं, हे तुम्हाला माहीत नाही आणि मलाही नाही. अप्रेझलचे दोन्ही आकडे हातात आले की त्याला बोलवा. टाउनशिपकडून शेताचा नकाशा आणा, जेवणाच्या टेबलावर पसरा, पेन्सिल त्याच्या हातात द्या आणि म्हणा, तीन एकर कुठे ठेवायचे ते तू आख. कुठेच आखलं नाही, तर ४६ एकरांचे पैसे घ्या.

ता. क. वहिनींनी चिठ्ठीत वेगळं विचारलं होतं: हक्क विकल्यावर कुणीही कुत्रा घेऊन शेतात फिरायला येईल का? नाही. शेतीच्या हक्कात लोकांना आत यायची मुभा नसते. टाउनशिपने पायवाटेची ओळ मसुद्यात घुसवली असेल तर तीच तेवढी खोडून मागा, किंवा तिचे वेगळे पैसे.